हजेरी घरच्या माणसाची

शनिवार, १३ सप्टेंबर. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणून कोर्टाला सुट्टी. गळ्यात लावायचे पांढरे बँड धुऊन झाले आहेत आणि आता खळ करायला घेतली आहे. ड्रायक्लीनर ते पापडासारखे कडक करून आणतो आणि मग ते दिवसभर हनुवटीला टोचतात, म्हणून हे काम मी घरीच करते. एका हाताने खळ ढवळत, दुसऱ्या हातात फोन धरून मी या अंकाच्या संपादकबाईंना सांगत होते की माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, "अहो, फसवणूक, खून, दरोडे, आयुष्यभर हेच केलंत, आणि लिहिण्यासारखं काही नाही?" तेवढ्यात खळीत गुठळ्या झाल्या. वैतागून मी "लिहिते" म्हणून टाकलं.

मी नागपूरच्या कोर्टात आरोपींची बाजू मांडते. लग्नात, बारशात, हातात ताट घेऊन लोक मला एकच प्रश्न विचारतात : "खोट्या माणसाची बाजू कशी काय घेता हो तुम्ही?" माझं उत्तर ठरलेलं आहे. सरकारच्या बाजूला पोलीस आहेत, तपास आहे, सरकारी वकील आहे. आरोपीच्या बाजूला फक्त मी आहे. तुम्ही म्हणता ते सिद्ध करून दाखवा, एवढंच मी म्हणते. ऐकणारा मान डोलावतो, "तरीपण..." म्हणतो आणि जिलबी घ्यायला निघून जातो.

खरं विचारायला हवं ते कोणी विचारत नाही. अशिलाला त्याच्या घरच्यांपासून कसं वाचवता, हे विचारायला हवं. पोलिसांचं मला काही वाटत नाही. त्यांचे कागद आधी मिळतात, चुका कुठे असतात ते ठाऊक असतं. घरचे मात्र न सांगता मदत करतात. एका आरोपीची आई तडजोड करायला फिर्यादीच्या घरी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेली. फिर्यादीने पोळ्या ठेवून घेतल्या आणि दबाव आणल्याची नवी तक्रार दिली. एका मेहुण्याने उलटतपासाच्या दिवशी कोर्टाच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. तेव्हापासून तिथला शिपाई मला बघितलं की आधी दाराकडे बघतो.

अशील स्वतःही कमी नसतात. नोकरीचं आमिष दाखवून लोकांना बुडवल्याच्या आरोपावरून आत असलेला एक जण जेलमध्ये भेटायला गेले तर मलाच म्हणाला, "मॅडम, घरात कोणी पोरगं असन त सांगा. मंत्रालयात चिकटवून देतो." इतकं मनापासून म्हणाला की क्षणभर मला माझ्या भाच्याचे मार्क आठवले.

पण आज सांगायचं ते देविदासचं.

देविदास नरखेड तालुक्यातल्या एका गावचा. विहिरींवरच्या मोटरपंपांची वायंडिंग भरून देणं हा त्याचा धंदा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, पुढचे दोन दात पडलेले. एकदा तो तांब्याची तार आणायला नागपूरला आला होता. इथल्या रजिस्ट्री ऑफिसजवळ एका दलालाने त्याला हाक मारली. त्या दलालाचा पंप याने दुरुस्त केलेला, तेवढीच ओळख.

इथे थोडं सांगायला हवं. जमिनीची विक्री होते तेव्हा विकायला आलेला माणूस खरोखर तोच आहे, हे सांगायला दोन जण लागतात. 'यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो' अशी सही ते करतात. यालाच ओळख देणं म्हणतात. कायदा करणाऱ्याला वाटलं असेल, कोण कशाला खोटी ओळख देईल? त्याने आपल्याकडचे लोक पाहिले नसावेत. चहाच्या टपरीवर जो दिसेल त्याला "भाऊ, एक सही मारा" म्हणायचं आणि त्याने ती मारायची. नाही म्हणणं उद्धटपणाचं.

"देवाभाऊ, हे आपले गुरुजी. वावर विकून राहिले. जरा ओळख द्या," दलाल म्हणाला. खुर्चीवर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. देविदासने त्याला नमस्कार केला, सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला, तार घेतली आणि गावी गेला.

ज्या गुरुजींची ती संत्र्याची बाग होती ते पुण्यात मुलाकडे राहत होते. खुर्चीवरचा म्हातारा कोण होता, हे आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही. विकत घेणारा नागपूरचा, व्यवहार नागपुरात झालेला, म्हणून गुन्हा नागपुरात दाखल झाला. दुसरी ओळख दलालाने स्वतःच दिली होती, आणि तो पसार. पोलिसांच्या हाती राहिला देविदास, कारण कागदावर त्याचाही फोटो आणि अंगठा होता आणि तो घरीच सापडला. फसवणूक, बनावट दस्तऐवज, तोतया उभा करणं, कट. काही महिने तो आत होता. मग मी जामीन मिळवला, एका अटीवर : प्रत्येक तारखेला जातीने हजर राहायचं.

सही त्याची नाही असं आम्ही कधीच म्हटलं नाही. प्रश्न एवढाच होता की म्हातारा तोतया आहे हे त्याला माहीत होतं का. आणि त्याबद्दल बोलणारा साक्षीदार एकच, रजिस्ट्री ऑफिसातला बाबू. त्याने पोलिसांना सांगितलं होतं की देविदास आणि तो म्हातारा एकाच गाडीतून उतरले आणि शेजारी बसून तासभर हसत-बोलत होते. कोर्टाने यावर विश्वास ठेवला असता तर कट सिद्ध झाला असता आणि देविदास कित्येक वर्षं बाहेर आला नसता.

बाबूची साक्ष होती त्या दिवशी मी माझ्या जागेवर उलटतपासाची टिपणं बघत होते. पुकारा झाला. मागून "हजर" असा आवाज आला. आरोपीचा पिंजरा आमच्या पाठीमागे, भिंतीला लागून असतो. आम्ही तोंड करतो न्यायाधीशांकडे. आवाज आला की माणूस आला, असंच सगळे धरतात. ओळखपत्र कोणी बघत नाही.

बाबू जोरात होता. सरकारी वकिलांनी विचारलं, "ओळख देणाऱ्या माणसाला आज पाहिलं तर ओळखाल?"

"का नाही ओळखणार, साहेब? माझ्यासमोर तासभर बसला होता. माझ्या डोळ्यांसमोरून हजारो लोक जातात, पण एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही." त्याने हात लांब केला. "तो काय. तोच."

मी मागे वळले. पिंजऱ्यातल्या माणसाने बाबूला हात जोडून नमस्कार केला आणि तोंडभर हसला. सगळ्या दातांनी हसला.

तो रामदास होता, देविदासचा धाकटा भाऊ. तशीच उंची, तशाच मिशा, आणि अंगात देविदासचा चौकड्यांचा शर्ट.

कोर्टाचं कामकाज संपत आलं होतं. मी उठून म्हटलं की उलटतपासापूर्वी मला अशिलाशी बोलणं गरजेचं आहे, उद्याची वेळ मिळावी. न्यायाधीश कुरकुरले, पण दिली. बाहेर येऊन मी रामदासला दंडाला धरून स्कूटरींच्या स्टँडमागे नेलं. राग आला की मी आपोआप महाल या जुन्या नागपुरातल्या भागातल्या माझ्या माहेरच्या बोलीवर येते.

"काहून आला गा तू? देविदास कुठी आहे?"

"भाऊ घरी हाये नं, मॅडम. प्रणालीले पाहाले पाहुणे आले." प्रणाली ही देविदासची मुलगी. "बाप घरी नसला त पाहुणे इचारतीन, कुठी गेले म्हून. कोर्टात गेले असं सांगाचं काय?"

"म्हणून तू आला?"

"हो. घरचा एक मानूस आला म्हंजे झालं. तेरवीत, लग्नात, ग्रामसभेत आमी असंच करतो. भाऊ नसला का मी, मी नसलो का भाऊ."

हे तो खरं सांगत होता. आमच्याकडे घरातून एक जण गेला की घर गेलं. कोण गेलं हे कोणी विचारत नाही. कोर्ट विचारतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण असं काही सांगावं लागेल हे कोणाच्या मनात येणार?

"मला फोन करायला काय झालं होतं? एका दिवसाची माफी मागायचा अर्ज असतो. मी दिला असता, मिळाली असती. झालं असतं काम."

"तुमाले कायले तकलीफ द्याची? तुमाले लय काम रायते."

मला तकलीफ नको म्हणून! ज्या माणसावर तोतया उभा केल्याचा आरोप आहे, त्याच्याच खटल्यात त्याचाच तोतया उभा केला, आणि का, तर वकीलबाईंना तकलीफ नको.

रामदासचं मात्र वेगळंच चाललं होतं. "पन मॅडम, त्या बाबूनं त मलेच ओळखलं! जिंकलो नं आपन?"

दुखणं नेमकं तिथेच होतं. बाबूचा खोटेपणा याहून उघडा पडू शकत नव्हता. चेहरा विसरत नाही म्हणणाऱ्याने ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. ज्याचा चेहरा आठवत नाही, तो कोणत्या गाडीतून उतरला आणि कोणाशी हसला हे कसं आठवेल? पण हे मांडायचं तर रामदास आरोपीच्या जागी उभा होता हे सांगावं लागणार. म्हणजे रामदासवर नवा गुन्हा आणि देविदासचा जामीन रद्द. शिवाय न्यायाधीश पहिलं बघणार माझ्याकडे. साक्षीदाराला चकवायला आरोपी बदलणारे वकील असतात, असे किस्से कोर्टात फिरत असतात. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मलाही तोच संशय आला असता.

मी फोन करून बोलावलं म्हणून संध्याकाळी देविदास आणि त्याची बायको शोभा मोटरसायकलवरून धरमपेठेत माझ्या ऑफिसात आले. मागोमाग रामदास. शोभाच्या हातात बर्फीचा डबा. पाहुण्यांना मुलगी पसंत पडली होती. मी डबा टेबलावर ठेवला आणि काय होऊन बसलं आहे ते सांगितलं.

शोभा म्हणाली, "बाबू म्हने हाच, त हाच. तुमी काई बोलूच नका, मॅडम. दोघं भाऊभाऊ हायेत, एवढं कोन निरखून पाहते?"

"मी पाहिलं ना, शोभाताई. माहीत असून गप्प राहिले तर मीही त्यात आले. आणि गप्प राहून फायदा काय? बाबूची साक्ष तशीच्या तशी देविदासच्या विरोधात राहील. एक तर उद्या तुम्ही दोघं कोर्टात उभे राहून खरं सांगा, मी सोबत आहे. नाहीतर मी वकीलपत्र सोडते, दुसरा वकील बघा."

"सोयरीक मोडन नं," शोभा म्हणाली. "पेपरात येईन. आत्ताच त पसंत केली पोरगी."

"येऊ शकतं," मी म्हटलं. खोटा धीर देण्याची मला सवय नाही.

देविदास एवढा वेळ टेबलाच्या कडेवर नख ओढत बसला होता. "रामदासचं नाव न घेता नाही जमत काय? मी जातो न परत अंदर. मले आता सवय हाये."

"नाही जमत."

"भाऊ, जाऊ दे नं," रामदास म्हणाला. "मायी शिक्षा मी भोगतो. तू कायले..."

"तू चूप बस बे. तुले कोन पाठोलं होतं? मीनंच पाठोलं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उद्या किती वाजता या लागते, मॅडम?"

शोभा डबा उचलून बाहेर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाबू साक्षीदाराच्या जागी येऊन उभा राहिला. मी दोघा भावांना शेजारी-शेजारी उभं केलं आणि म्हटलं, "उलटतपासाआधी कोर्टाला एक गोष्ट सांगायची आहे. काल पिंजऱ्यात उभा असलेला माणूस आरोपी नव्हता."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. सरकारी वकील उभे राहायला गेले आणि अर्धवट वाकलेले तसेच राहिले.

"वकीलबाई, हे तुमच्या सांगण्यावरून झालं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. माझ्या सांगण्यावरून झालं असतं तर आज हे सांगायला मी उभी नसते."

देविदासने आपल्या तोंडाने सगळं सांगितलं, पाहुण्यांसकट. रामदास मधेच "मायी चुकी हाये, साहेब" म्हणून पुढे सरकत होता आणि पोलीस त्याला मागे ओढत होता. न्यायाधीशांनी मला बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं. रामदासविरुद्ध तक्रार करण्याचे आणि देविदासचा जामीन रद्द करण्याचे आदेश झाले. मग ते म्हणाले, "आता उलटतपास."

मी बाबूला विचारलं, "काल तुम्ही ज्यांच्याकडे बोट दाखवलंत ते हे, रामदास. आज दोघं समोर आहेत. तुमच्या ऑफिसात त्या दिवशी यांपैकी कोण आलं होतं?"

त्याने एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, न्यायाधीशांकडे बघितलं. कोणालाच नाराज करायचं नसलं की माणूस बोलतो तसा तो बोलला : "आता आठवतं, साहेब. दोघंही आले होते."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. पोलिसांकडच्या जबाबात म्हाताऱ्यासोबत एकच माणूस होता, कागदावर दोघा भावांपैकी फोटो एकाचाच होता. मी "आणखी प्रश्न नाहीत" म्हणून खाली बसले. आयुष्यातला सगळ्यात छोटा उलटतपास, आणि जिंकल्यासारखं तसूभरही वाटलं नाही. कारण माझ्या पाठीमागे दोन्ही भावांना पोलीस बाहेर नेत होते आणि रामदास विचारत होता, "भाऊ, तू जेवला नं सकाळी?"

रामदासने गुन्हा कबूल केला. त्याला कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा आणि दंड झाला. देविदासला परत जामीन मिळवायला मला उच्च न्यायालयात जावं लागलं. तोवर तो आतच होता. शेवटी निकाल लागला. न समजता ओळख देणं बेजबाबदारपणाचं आहे, पण कट सिद्ध होत नाही, असं म्हणून देविदास सुटला. दलाल अजून पसार आहे. खऱ्या गुरुजींचा बाग परत मिळवण्याचा दावा अजून चालू आहे. मी यावर काही बोलणार नाही, नाहीतर हा लेख संपायचा नाही.

'भावाच्या जागी भाऊ कोर्टात' अशी बातमी आली होती. पाहुण्यांनी ती वाचली आणि मुलाचं एवढ्यात करायचं नाही असा निरोप पाठवला.

निकालाच्या दिवशी सगळे कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटले. देविदासने पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. शोभा जरा बाजूला उभी होती. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "सुटले, बरं झालं. पन त्या दिवशी तुमी बोलल्या नसत्या त पोरीचं जमलं असतं."

मला कायदा सांगता आला असता. गप्प राहिले असते तर देविदास बहुतेक सुटला नसता, हेही सांगता आलं असतं. तिला ते माहीत होतं. तरी ती म्हणत होती, आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. लग्न मोडलं ते मी खरं बोलल्याने मोडलं. कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात यावर कलम नाही.

प्रणाली तिच्या मागे उभी होती. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली. "चाल वं आई. यष्टी सुटन." आणि माझ्याकडे बघून, हसून नाही पण रागानेही नाही, म्हणाली, "येतो, मॅडम."

ती माणसं फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तिथे उभी होते. रामदास सगळ्यात पुढे, मोठ्याने काहीतरी सांगत. त्याला एवढं होऊनही आपण नेमकं काय वाईट केलं ते कळलं होतं की नाही, मला शंका आहे. भाऊ अडचणीत होता, तो गेला. एवढंच त्याला माहीत. एक फोन केला असता तर! गेली दोन वर्षं दर आठवड्याला मला हे वाक्य स्वतःशी म्हणावं लागलं आहे, कुठल्या ना कुठल्या अशिलाबद्दल.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जाण्याआधी मी पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात गेले. ऑफिसच्या दाराशी लावायला पाटी हवी होती. मजकूर मी लिहूनच नेला होता : 'तारखेला येणं होत नसेल तर आधी फोन करा. माझी अडचण होत नाही. आपल्या जागी भावाला पाठवू नका.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. पेन्सिल कानावर ठेवली.

"मॅडम, भाऊ नको, त साळा चालते काय?"

मी कागद परत घेतला, 'भावाला' खोडलं, त्यावर 'कोणालाही' लिहिलं आणि म्हटलं, "लाल रंगात काढा. आणि मोठं."